न मोडणारी जॉयस्टिक

नवी जॉयस्टिक तयार झाली की रंगनाथअण्णा ती जमिनीवर ठेवत आणि तिच्यावर उभे राहत. चपला मात्र आधी काढत. "पोटाला देणारी वस्तू हाय, पायताणानं नाय तुडवायची."

अंबडला त्यांचा छोटा कारखाना होता. मी तिथे पत्रव्यवहार पाहत असे. अण्णा मूळचे सिन्नरचे, शेतपंपांचे स्टार्टर दुरुस्त करणारे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले, पण त्या गेमच्या जॉयस्टिक पोरांच्या हातात महिनाभर टिकेनात. अण्णांनी एक उघडली. "ही पट्टी हाय का बिस्किटाचा कागद?" त्यांनी स्टार्टरमधल्यासारखी जाड धातूची पट्टी घातली. माल देवळ्यापासून इगतपुरीपर्यंत जाऊ लागला, अकरा बायका कामाला लागल्या. स्वतः अण्णा एकही गेम खेळले नाहीत. "मी खेळत बसलो तर बनवंल कोण?"

एकदा मेनरोडचा दुकानदार आला. म्हणाला, "अण्णा, तुमची जॉयस्टिक नेलेलं गिऱ्हाईक परत येतच नाही."

अण्णा खूश झाले. त्यांनी चहा मागवला. ती तक्रार होती हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं.

"जरा तुटेल अशी बनवा ना," दुकानदार म्हणाला.

"तुटायचीच वस्तू पायजे तर अंडी विका!"

त्याने अंडी विकली नाहीत. परदेशी माल आणला. तो हलका होता, रंगीत होता आणि झटपट मोडायचा. मोडला की पोरं आनंदाने दुसरा रंग मागत. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले. अण्णांच्या जॉयस्टिकची पिन त्यांना बसेना. जॉयस्टिक धडधाकट राहिल्या, त्या लावायला काही उरलं नाही.

कारखाना बंद करण्याआधी अण्णा अकराही जणींना घेऊन शेजारच्या कारखान्यात गेले. तिथे घरातल्या दिव्यांची बटणं बनत. मालक म्हणाला, "सहा जणी घेतो."

"अकरा. एकमेकींच्या हाताची सवय हाय त्यांना. तोडलंत तर काम बिघडंल."

मालकाने सगळ्यांना घेतलं. अण्णांच्या शब्दावर सुनंदाला, सर्वांत जुन्या कामगार बाईला, तपासणीवर बसवलं. अण्णा घरी बसले, पण त्यांना ते चार महिनेही जमलं नाही. मग तेही तिथेच, बटणं जोडायच्या टेबलावर कामाला लागले.

पहिल्याच आठवड्यात सुनंदाने त्यांचं बटण परत आणलं.

"अण्णा, हे... लय घट्ट झालंय. लोकांना बोटानं दाबायचंय."

सगळ्या जणी हातातलं काम थांबवून बघत राहिल्या. अण्णांनी बटण घेतलं, उघडलं, पट्टी सैल केली.

"बरं, सुनंदाताई," ते म्हणाले.

तोवर ते तिला "ए सुनंदे" म्हणत.