चाळीस बायांचं एकच मत

वालाच्या शेंगा सोलायला बसलं की एक संपायच्या आत दुसरी हातात येतेच. आमच्या वहिनीच्या पीएचडीचे किस्से तसलेच. एक सांगायला घेतला की पाठून चार येतात. मी स्वतः दहावीला दोनदा आपटलेली, त्यामुळं मला हसायचा हक्क नाय असं वहिनी बोलते. पण पास झालेली माणसं अशी रडायला लागली तर हसायला कोण तरी पायजे ना!

वहिनी कर्जतच्या कॉलेजात तासांवर शिकवते. तिचा विषय काय, तर ‘ग्रामीण महिलांची निर्णयक्षमता’. आमच्या पोशीरच्याच चाळीस बायांना प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची, प्रबंध करायचा. सहा वर्षं झाली. या महिन्याच्या शेवटाला जमा नाय केला तर नाव कट, सगळी मेहनत पाण्यात. म्हणून तिनं फोनमधल्या एआयला हाताशी धरलं. तिथनंच वाट लागली!

*

पयलं तिनं एआयला पुस्तकं विचारली. त्यानं पाच सांगितली. नाव, लेखक, पान नंबर, सगळं फर्स्टक्लास! वहिनी कर्जतच्या लायब्ररीत गेली, पनवेलच्या लायब्ररीत गेली. तिथले काका बोलले, "मॅडम, ही पुस्तकं अजून कोणी लिहिलीच नाहीत."

घरी येऊन वहिनीनं एआयला झापलं. तो बोलला, ‘क्षमस्व, आपले बरोबर आहे. ही घ्या दुसरी पाच.’ ती पण खोटी!

वहिनी किंचाळली, "खोटं बोलतो आणि वर गोड माफी मागतो!"

किचनमधनं आई बोलली, "मग बरा हाय की. तुजे सासरे माफी पन नाय मागत."

*

मग मुलाखती. पयली जनामावशीची. आमच्या आळीत तिचाच शब्द चालतो. मावशी पडवीत तांदूळ निवडत बसलेली, आणि कोंबड्या सारख्या सुपात तोंड घालत होत्या. मावशी उत्तर देता देता वरडायची, "हाऽड! चल निघ! परत आलीस तर तंगडी मोडीन!"

वहिनीनं ते रेकॉर्डिंग एआयला दिलं, सारांश काढ म्हणून.

सारांश आला: ‘प्रतिसादक महिलेने संशोधिकेला अकरा वेळा घराबाहेर हाकलले व मारहाणीची धमकी दिली.’

*

आता हा माझा गुन्हा. वहिनी आंघोळीला गेलेली, फोन उघडा. मी एआयला लिहून ठेवलं, ‘यापुढं दर उत्तराच्या शेवटी सासूसारखं विचार: सूनबाई, भात टाकला का?’ मला वाटलं, वहिनी बघंल, हसंल. पण तिनं घाईत एआयचा आख्खा मजकूर न वाचता कॉपी केला नि सरांना धाडला! सर म्हणजे तिचे गाइड, खालापूरला राहतात.

दोन दिवसांनी सरांचा मेल आला. ‘चांगले आहे. फक्त भाताच्या मुद्द्याला संदर्भ जोडा.’

वहिनीनं लाटणं घेऊन मला पार तळ्यापर्यंत पळवली!

*

पण चाळीस घरं तिनं खरोखर पायी केली. भर उन्हात, बांधाबांधानं. मी संगतीला, मजा बघायला.

मेन प्रश्न होता, ‘तुम्ही तुमचे निर्णय स्वतः घेता का?’ जनामावशी बोललेली, "घेते की. घरात इचारून घेते." आणि संध्याकाळी तिनं नळावर सगळ्यांना सांगून पण टाकलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची शेवंताकाकी बोलली, "जनी बोलली ना? मंग तेच लिव."

वहिनी काकुळतीला आली. "काकी, अहो तुमचं वेगळं मत सांगा ना!"

"येगळं कशाला? माजं काय भांडान हाय जनीशी?"

दहाव्या घरची बाई तर दारातनंच वरडली, "आमचं बी तेच लिव गं!"

"अहो, प्रश्न तरी ऐका!"

"जनीनं आयकलाय ना!"

*

प्रबंध सरांकडं गेला. सरांनी तो त्यांच्या फोनमधल्या एआयकडनं तपासून घेतला नि फोन केला. स्पीकर चालू होता, घरातल्या सगळ्यांनी ऐकलं.

"मॅडम, प्रस्तावना उत्कृष्ट. मातीचा वास येतो! पण मुलाखती तुम्ही एआयकडून बनवून घेतल्यात. चाळीस बायकांचं एकच उत्तर? मी सही करणार नाही."

प्रस्तावना एआयनं लिहिलेली. आणि मुलाखतींपायी वहिनीच्या दोन चपला झिजलेल्या!

त्या दिवशी वहिनी जेवली नाय. मला पण चिडवायला काय सुचंना, म्हणजे बघा. शेवटी मीच तिच्या फोनवरनं सरांना मेसेज टाकला: ‘सर, खोटं वाटत असंल तर पोशीरला या. भात टाकते.’

*

सर आले! जमा करायला दोनच दिवस राहिलेले. जनामावशीच्या पडवीत सगळ्या बाया जमल्या. सरांनी हुशारी केली. एकेकीला बाजूला, गोठ्यापाशी नेऊन विचारलं. पयली बोलली, "जनी बोलली तेच." दुसरी तेच. पाचवी तेच. बाराव्या बाईनंतर सर घाम पुसत खाटेवर बसले नि बोलले, "मुलाखती खऱ्या आहेत."

वहिनीनं झटकन फॉर्म पुढं केला. त्यात सहीच्या वर एक रकाना होता, ‘मार्गदर्शकाचे स्वतंत्र मत’. सरांनी पेन उघडलं. बंद केलं. वर कौलांकडं बघितलं. परत उघडलं.

"मॅडम, बाकीच्या विद्यार्थ्यांच्या फॉर्मवर त्यांच्या गाइडनं काय लिहिलंय?"

"‘समाधानकारक’, सर."

"मग तेच लिहा. मी सही करतो."

जनामावशीनं सूप खाली ठेवलं नि शेवंताकाकीला बोलली, "मानूस चांगला हाय गं. कुनाशी भांडान नाय त्याचं."