संध्याकाळची दोरी

प्राणिसंग्रहालयात त्याला सगळे दुर्बीण म्हणत. दुधाला आधी वास लावणार, कुलूप लावलं की पुन्हा पुन्हा ओढून बघणार. अशा माणसाच्या घरी बायकोचा धाकटा भाऊ राहायला आला आणि वर त्याच्याच हाताखाली कामाला लागला. बिचाऱ्याचे ग्रहच फिरले म्हणायचे.

दोघांकडे एक म्हातारी चिंपांझी होती. सुई न टोचता तिच्या मनावरचा ताण मोजायचा होता. म्हणून रसात भिजवलेली सुती दोरी तिला सकाळ-संध्याकाळ चघळायला द्यायची आणि लाळेने ओली झालेली दोरी डॉक्टरीणबाईंकडे पोचवायची. सकाळची पाळी दुर्बिणीची, संध्याकाळची मेहुण्याची. ताणाचं संप्रेरक सकाळी चढतं आणि संध्याकाळी उतरतं, असं बाई सांगत. म्हातारीचं मात्र काही केल्या उतरेना.

"तिला इथं मानवत नाहीये," बाई म्हणाल्या. "असंच राहिलं तर दुसरीकडे पाठवावं लागेल."

अर्धं आयुष्य दुर्बिणीने म्हातारीच्या पिंजऱ्यापाशी काढलं होतं. तिच्याशिवाय त्याला करमलंच नसतं. आणि संशय कुणावर, हे सांगायलाच नको. मेहुणा तिला काठी दाखवत असणार, तिची केळी गट्ट करत असणार. घरी मान खाली घालून जेवतो, ते काय उगाच? चोराच्या मनात चांदणं.

एका संध्याकाळी तो चाऱ्याच्या पोत्यांमागे दबा धरून बसला.

मेहुण्याने गजांतून दोरी पुढे केली. "घे गं बाई, थोडं तरी चघळ." म्हातारीने ती हुंगली, भिरकावून दिली आणि पाठ फिरवून आडवी झाली. दुसऱ्या दोरीचीही तीच गत. मग मेहुण्याने इकडेतिकडे बघितलं, नवी दोरी रसात बुचकळून स्वतःच्याच तोंडात घातली आणि चघळत चघळत झाडू मारायला लागला.

दुर्बीण ताडकन उठला. "हे कधीपासून चाललंय?"

"आल्यापासून, दाजी. संध्याकाळी ती तोंडच लावत नाही. कोरी दोरी दिली असती तर तुम्ही मला कामचुकार म्हणाला असता."

दुर्बिणीचा जीव भांड्यात पडला. म्हातारी आता कुठे जात नाही. उद्या बाईंच्या शिव्या खाव्या लागतील, तेवढंच. त्याला हसू आवरेना.

"म्हणजे तो ताण तुझा होता होय? रोज संध्याकाळी तुला होतं तरी काय रे?"

मेहुण्याने तोंडातली दोरी काढली.

"ड्युटी संपते, दाजी. मग तुमच्या घरी यायचं असतं."