पत्रिकेला लावलेलं कुलूप

योगराज पाटलांनी लेकीच्या लग्नपत्रिकेला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच हरवून बसले. म्हणजे सुरतेच्या डिंडोली भागातल्या छापखान्यात, संगणकात पत्रिका तयार होती. उघडायला पासवर्ड लागत होता, आणि तो योगराजांना काही केल्या आठवेना. छपाई आजच व्हायला हवी होती. धाकटा भाऊ भाईदास संध्याकाळच्या गाडीने अमळनेरला पत्रिका वाटायला निघणार होता. फोनवर दिलेल्या आवतणाला खानदेशात आवतण म्हणत नाहीत, रुसायचं निमित्त म्हणतात.

कुलूप घातलं तेही नातलगांच्याच धाकाने. कुणाचं नाव राहिलं, कुठला मेहुणा खालच्या ओळीत गेला, याचे फोन कारखान्यात लूमच्या खडखडाटातही त्यांना गाठायचे. शेवटी त्यांनी छापखान्याच्या उज्ज्वलाबाईंना सांगून फायलीला पासवर्ड लावला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन प्लेटभर लोचो खाल्ला.

उज्ज्वलाबाई शिरपूरकडच्या. लग्न होऊन सुरतेत आल्या तेव्हा माऊसला हात लावायला भ्यायच्या. आता लोक दिवसभर त्यांच्याकडे कुलूपबंद कागद आणतात, कुणाचं आधार, कुणाचा बँकेचा उतारा. पडद्यावर पासवर्डाची चौकट आली की बाई कीबोर्ड गिऱ्हाइकापुढे सरकवतात आणि भिंतीवरच्या देवीकडे तोंड करतात. गिऱ्हाईक मात्र बायकोचं नाव मोठ्याने म्हणत एकेक अक्षर दाबतं, अख्ख्या दुकानाला कळतं. बाईंचा नियम एकच: किल्ली ज्याच्या हाती, तो मालक.

योगराजांनी बायकोचं नाव टाकलं. लेकीचं टाकलं. चौकट ढिम्म.

"ताई, तोडायची काही युक्ती असेल ना?"

"आहे. पण मग उद्या कुठलं गिऱ्हाईक विश्वासानं येईल माझ्याकडे?"

पासवर्ड त्यांनी फक्त भाईदासला सांगितला होता. त्याला फोन लावला. "मी विसरलो भाऊ, पण आत्याला सांगितला होता. तिला विचार."

अमळनेरहून आत्या खणखणीत आवाजात म्हणाली, "अरे योगा, तुले माहीत नही का? आपली ढवळी गाय, अन् पुढे दोन शून्य! तुन्या मंदाले भी माहीत शे." मागे कोणीतरी खो खो हसलं. म्हणजे घरातल्या बायकोसकट सगळ्या भाऊबंदकीत न जाणणारा एकटा मालकच.

पत्रिका उघडली. निवडक नावांच्या खाली जत्रा भरली होती. आत्याचे सगळे जावई, त्यांचे भाऊ, एकाचा तर भागीदारसुद्धा. वधूपिता ढकलला जात पार तळाला, छापखान्याच्या नावाला टेकला होता.

"हे कधी झालं?"

"परवापासून येताहेत तुमची माणसं. पासवर्ड बरोबर टाकत होती."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

एखादं नाव खोडावं म्हणून योगराजांनी बोट उचललं. त्या नावाचं फुगलेलं तोंड मांडवात दिसलं आणि बोट आपोआप खाली आलं. "छापा," ते म्हणाले. मशीन धडधडू लागलं.

"पण ताई, मग ह्या कुलपानं अडवलं तरी कुणाला?"

"तुम्हाला."