चुकलेला एक खिळा

म्हाताऱ्या नालबंदाला दिसेनासं झाल्याला सहा वर्षं झाली, पण कान असे तिखट की गल्लीच्या टोकाला घोडं वळलं की कुणाचं ते तो इथून सांगे. तेव्हापासून हातोडा मुलीकडे, स्टूल बापाकडे. तिने नाल ठोकायचे आणि त्याने नको तिथे तोंड घालायचं, अशी वाटणी. बाईमाणूस घोड्याला नाल मारणार म्हणून खिदळणारे आता सकाळी सातला तिच्या दारात ताटकळत, हे तो आल्यागेल्याला सांगत सुटे. ‘पुरे आता, बाबा,’ असं ती म्हणायची. पण पुरे कसलं!

त्या दिवशी प्राणी हक्क दिन होता. दरवर्षी त्या दिवशी सभा व्हायची, भाषणं व्हायची. यंदा मानपत्र मुलीला मिळणार होतं, आणि ‘सहा वर्षांत एकही खिळा चुकला नाही’ ही ओळ त्यात छापूनही झाली होती. म्हाताऱ्याने ती तिघांकडून वाचून घेतली होती. आणि गंमत बघा, दिवस प्राण्यांच्या हक्कांचा, पण प्रमुख पाहुणे येणार घोडागाडीतून! माणसाची जातच अशी, कुणाला काय बोलणार?

त्याच गाडीची पांढरी घोडी सकाळी नाल बदलायला आली. गाडीवाला घोड्यापेक्षा घाईत. मुलीने चारही खूर घासले, नाल बसवले, खिळे ठोकले. मग घरची रीत: नव्या नालांवर जनावराला फरशीवर वीस पावलं चालवायचं आणि नुसतं ऐकायचं. खिळा जरा आत सरकला की खुरातल्या जिवंत मांसाला टोचतो. वरून काही दिसत नाही, पण तो पाय जनावर हलकेच टेकतं.

घोडी चालली. तीन पाय ठणठणीत वाजले, चौथा दबकत.

म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदाच आपणहून मिटलं. घोडी लंगडत नव्हती. संध्याकाळपर्यंत तिने मुकाट गाडी ओढली असती. मुकं जनावर, तक्रार कुणाकडे नेणार? नाल उपटला तर मात्र घोडी आठवडाभर उभी, आणि मानपत्रातली ओळही गेली. मुलीने ऐकलं असणारच, तो कान त्यानेच घडवला होता. आता ती काय करते? वीस पावलं संपली. गाडीवाल्याने लगाम हातात घेतला.

“थांबा,” मुलगी म्हणाली. “मागचा डावा. खिळा आत गेलाय. माझाच हात चुकला.”

गाडीवाल्याने आकाशपाताळ एक केलं. पाहुण्यांना काय पाठुंगळी घेऊन येऊ, असंही विचारून झालं. देवाने पाय त्यांनाही दिलेत, असं म्हणून तिने पक्कड उचलली. खिळा निघाला तेव्हा टोकाला रक्त होतं. तिने जखम धुतली, औषध भरलं, पट्टी बांधली आणि घोडीच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ तिच्याशी काहीतरी पुटपुटली.

दुपारी पाहुणे घाम पुसत चालत आले. मानपत्राचं वाचन त्या ओळीपाशी पोहोचलं तशी मुलगी उठली. ती ओळ खोटी आहे, आज सकाळीच एक चुकला, असं तिने भर सभेत सांगितलं. अध्यक्ष गोरेमोरे झाले. आता छापून झालंय, काय करायचं, असं ते म्हणाले.

“खोडा,” ती म्हणाली, “आणि लिहा, एक चुकला.”

नवव्या दिवशी पांढरी घोडी पुन्हा याच दारात आली. गाडीवाला दुसऱ्या कुणाकडे गेला नव्हता. मानपत्र आता स्टुलाच्या वर टांगलंय आणि म्हातारा येईल त्याला ते मोठ्याने वाचायला लावतो. खाडाखोडीपाशी वाचणारा अडखळतोच. म्हातारा त्याचीच वाट बघत असतो.

“तेवढंच परत वाचा,” तो म्हणतो. “बाकीचं त्यांनी छापलंय. ते माझ्या पोरीने लिहायला लावलंय.”