आंघोळीनंतरचा वास

धाकटीला स्वतःच्याच लेखाची शिसारी आली होती. कॉलेजच्या लेखनवर्गासाठी तिने बाबांवर लिहिलं होतं. बाबा लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या आणि संडास मोकळे करून द्यायचे. पहिला खर्डा साधाच होता. बाबांची लांब सळई, त्यांचे गमबूट, काम झाल्यावर गिऱ्हाइकांनी केलेली घासाघीस. सरांनी तो दोन बोटांत धरून परत दिला.

"गटार आहे ना? मग घाण कुठाय?"

मग काय, धाकटीने घाण ओतली. केसांचे बुचके, काळा बुळबुळीत गाळ, त्यात वळवळणारे किडे. सर खूश! "अजून येऊ दे," म्हणाले. दुसऱ्या खर्ड्यात बाबांची नखं आली आणि तिसऱ्यात बाबाच घाण होऊन बसले. आंघोळ करूनही अंगाला भपकारा, घरच्यांना घास गिळवेना, आणि हे गृहस्थ खुशाल जेवतायत! सगळी थाप. आंघोळीनंतर बाबांच्या अंगाला नुसता साबणाचा वास असायचा. पण साबणाने कोण नाक मुरडणार? वर्गातल्या मुलींनी रुमालाने नाकं दाबली, वर टाळ्या पिटल्या. त्या टाळ्या तिला नकोशा झाल्या. पण कॉलेजच्या अंकात एकच लेख जायचा होता आणि तो तिला आपलाच हवा होता.

सरांचा नियम असा, की ज्याच्यावर लिहिलं त्याला वाचून दाखवायचं, मगच पक्की प्रत करायची.

संध्याकाळी बाबा आले, मोरीत खसाखसा अंग घासलं आणि रोजच्यासारखे दारात थांबले. "येतोय का गं वास?"

"नाही, बाबा."

लहानपणापासून ती हेच सांगत आली होती. ते ऐकलं की बाबा आत येऊन ताटावर बसायचे.

जेवणं झाल्यावर तिने लेख वाचला. भपकाऱ्याचा भाग गाळायचं तिच्या मनात होतं, पण वाक्यं इतकी घासूनपुसून ठेवलेली, की तोंडातून आपसूक निघून गेली. किड्यांपाशी बाबा खो खो हसले. भपकाऱ्यापाशी मात्र त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"आंघोळ करूनही येतो?"

"नाही हो बाबा! ते मी आपलं घुसडलंय. सरांना आवडतं म्हणून."

"मला वास कळत नाही गं. या धंद्यात नाक केव्हाच मेलं. म्हणून तर तुला विचारायचो." मग तिचीच समजूत घालत म्हणाले, "असू दे. छान लिहिलंयस."

तिने ती पानं टराटरा फाडली आणि दुसऱ्या दिवशी सरांपुढे पहिला खर्डा नेऊन टाकला. त्यांनी तोंड वाकडं केलं. खड्ड्यात गेला तो अंक!

त्या संध्याकाळी बाबांनी दोनदा आंघोळ केली. धाकटी दारात उत्तर तयार ठेवून उभी होती. त्यांनी विचारलंच नाही. आपलं ताट उचललं आणि बाहेर पायरीवर जाऊन जेवायला बसले.