आमच्या साडूंचे बेडूक

आमच्या साडूंइतका शांत माणूस ठाण्यापासून बदलापूरपर्यंत शोधून सापडणार नाही, आणि माझं डोकं त्यांच्याइतकं आजवर कुणीच फिरवलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे, शैलाचे, यजमान. एका सासऱ्याचे आम्ही दोन जावई, आणि दोन जावई म्हटले की तुलना आलीच. गेली चौतीस वर्षं तिचा निकाल माझ्या बाजूने लागत आला आहे, हे मी नम्रपणे नमूद करतो. मी औषधाच्या कंपनीत बाटल्या धुण्याच्या खात्याचा सुपरवायझर होतो. उजेडात धरल्यावर बाटलीत एक कण दिसला तर सगळा लॉट परत धुवायला लावणारा माणूस. त्यामुळे शैलाचं उठता-बसता चालू असतं, "भाऊजी बघा! भाऊजींचं कपाट बघा! भाऊजींच्या चपलासुद्धा कशा ओळीत असतात!" आणि हे सगळं माझ्यासमोर, त्यांच्या तोंडावर. दुसरा कुणी असता तर भडकला असता, निदान दात-ओठ तरी खाल्ले असते. आमचे साडू मान डोलावतात आणि म्हणतात, "खरंय, साडूभाऊंचं काम म्हणजे काम!" आता अशा माणसाशी भांडायचं कसं?

त्यांचा सगळा संसार एका शब्दावर चालतो. तो शब्द म्हणजे 'मुरू द्या'. नवीन टीव्ही आणला तर आठ दिवस खोक्यातच. का, तर त्याला घराची सवय होऊ द्या. नवीन चपला महिनाभर घरातल्या घरात घालून फिरणार, आणि मगच त्यांना रस्ता दाखवणार. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी मोठ्या हौसेने विचारलं, "कसा वाटला मुलगा?" तर म्हणाले, "जरा मुरू द्या, मग सांगतो." पुढे तीन वर्षांनी, नातवाच्या बारशाला, माझ्या हातात पेढा असताना कानाशी येऊन म्हणाले, "चांगला आहे हो मुलगा." मला आधी कळेचना कोणता मुलगा! त्यात भर म्हणजे हा माणूस जगातल्या यच्चयावत प्राण्यांना अहो-जाहो करतो. रिक्षावाल्याला करतो ते ठीक आहे, पण जिन्यातल्या मांजरालाही "बाजूला होता का जरा?" म्हणून थांबून राहतो. मांजर काही होत नाही. मग हे कठड्याला धरून, अंग चोरून पलीकडे जातात, आणि मागे पिशव्या घेऊन उभा असलेला मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत असतो.

तर रिटायर झाल्यावर या गृहस्थांनी बेडूक पाळायचं ठरवलं. हो, बेडूक. कोकणात आमच्या आजोळी न्हाणीत बेडूक शिरला की आम्ही केरसुणी घेऊन धावायचो. आणि इथे हा माणूस डोंबिवलीत, मानपाड्याला, दुसऱ्या मजल्यावर, पदरमोड करून बेडूक आणणार. शैलाने घर डोक्यावर घेतलं, पण शांत माणसाचा हट्ट फार वाईट. अखेर तिने एका अटीवर मान्य केलं. "यातला एक जरी मेला ना, तर त्याच दिवशी ती टाकी घराबाहेर जाईल. मला घरात मरणं बघायची नाहीत." साडू म्हणाले, "मान्य." एवढंच.

पुढच्या रविवारी "टाकी बघायला या" असं निमंत्रण आलं. आम्ही दोघं कल्याणहून रिक्षाने, पत्रीपुलाच्या त्या गर्दीत पाऊण तास धूर खात गेलो. बघतो तर काय, टाकीत नुसतं पाणी! खाली थोडी खडी, एक पाणवनस्पती, कोपऱ्यात बुडबुडणारा स्पंजचा फिल्टर. बेडूक सोडा, शेवाळसुद्धा नाही. "कुठायत?" मी विचारलं. "आणायचेत अजून. पाणी मुरतंय." आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी त्या रिकाम्या टाकीत चिमूटभर खाणं टाकलं! मी म्हटलं, "अहो, खाणार कोण?" तर म्हणे, ते कुजलं की पाण्यात चांगले जंतू धरतात, ते स्पंजमध्ये घर करतात, आणि पुढे बेडकांची घाण तेच पचवतात, नव्या टाकीत थेट सोडलं तर जीव जातो. मग एका नळीत त्या पाण्याचा नमुना घेतला, कसले तरी थेंब टाकले आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरून बघत बसले. "हिरवं येतंय. हिरवं म्हणजे विष. पिवळं आलं की आणायचे." असे तब्बल सहा आठवडे! सहा आठवडे येणाऱ्या-जाणाऱ्याला काचेच्या पेटीतलं पाणी दाखवून हा माणूस चहा पाजत होता.

एकदाचं पिवळं आलं आणि ठाण्याच्या एका दुकानातून बेडूक आले. दोन. अंगठ्याएवढे! मला वाटलं होतं निदान वाटीभर तरी असतील. हे कायम पाण्यातच राहणारे, फक्त श्वास घ्यायला सुळकन वर येणार आणि परत तळाशी. नजर इतकी कमी की खाणं चिमट्यात धरून थेट नाकासमोर न्यावं लागायचं, आणि तरी त्यांचा नेम चुकायचा. साडूंनी त्यांना नावं दिली थोरले आणि धाकटे. "थोरले, इकडे बघा, डावीकडे... अहो, ती खडी आहे!" असा अर्धा-अर्धा तास घास भरवणं चालायचं. त्यांचं खाणं म्हणजे बर्फात गोठवलेले लाल किडे, ते फ्रीजरमध्ये मटारच्या शेजारी. श्रावण लागला तसा शैलाने तो डबा समोरच्या बिऱ्हाडात हलवला, आणि आमचे साडू रोज सोवळ्यात असल्यासारखे वाटी घेऊन समोरचं दार वाजवायला लागले. पाण्याची तर तऱ्हाच. त्यांच्याकडे सकाळी तासभर नळ येतो, त्यात घरातली निम्मी भांडी भरायची असतात; पण गॅलरीतली दोन पिंपं बेडकांच्या मालकीची. त्यातलं पाणी दिवसभर उघडं ठेवायचं, नळाच्या औषधाचा वास उडू द्यायचा आणि मगच वापरायचं. शैला कपाळाला हात लावायची. मी तिची बाजू घेऊन त्यांना झापायचो. ते म्हणायचे, "खरंय."

मग साताऱ्याला त्यांच्या पुतण्याचं लग्न निघालं. पाच दिवसांचा मुक्काम, आमची हीसुद्धा बहिणीच्या मदतीला जाणार. मला लग्नातली गर्दी सोसत नाही, म्हणून घर आणि बेडूक राखायला मी मानपाड्याला राहायचं ठरलं. निघताना शैला सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊजींच्या हातात आहे म्हणजे मला घोर नाही. यांच्यापेक्षा नीट ठेवतील." साडूंनी नुसता एक कागद माझ्या हातात दिला. एक दिवसाआड खाणं. झाकण बंद. आणि खाली दोनदा अधोरेखित, 'स्पंजला हात लावू नये. दिसतो घाण, पण घाण नाही.'

आता तुम्हीच सांगा! तीस वर्षं बाटल्या धुणाऱ्या माणसाला कुणी लिहून देतंय की दिसतं ते घाण नाही! तो स्पंज म्हणजे नुसता काळपट-तपकिरी, बुळबुळीत गोळा. सोफ्यावर कुठेही बसा, समोर तोच. पहिला दिवस मी कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला आणि माझ्याच्याने राहवेना. आळशी माणसाचे बहाणे आहेत सगळे, असं मी स्वतःशी मोठ्याने म्हणालो, बाह्या सरसावल्या, दोघांना एका भांड्यात काढलं आणि कामाला लागलो. स्पंज नळाखाली दाबून-दाबून धुतला, मग कढत पाण्याने धुतला. खडी तांदळासारखी सात पाण्यांतून काढली. काच घासली. साबण लावला नाही, तेवढी अक्कल होती. पिंपातलं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायचा विचार होता, पण ते तसंच ठेवलं आणि टाकी नळाच्या ताज्या पाण्याने भरली. दोघांना आत सोडलं. काय ती टाकी दिसत होती! आरशासारखी! साडू आले की नुसते बघत राहतील, या विचाराने मी त्या दिवशी दुपारी फार छान झोपलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी थोरले पाण्याच्या वरच्या थराला हातपाय पसरून लोंबत होते. ते असे कधीकधी तरंगतात, हे मला माहीत होतं. पण मी काचेवर टिचकी मारली तरी हलले नाहीत. अंगावर पांढुरकी झाक आली होती. धाकटे तळाशी दगडाला चिकटून बसलेले. मी फोन लावला. तिकडे सनई, हळदीचा कल्ला. मी म्हटलं, "थोरले जरा गप्प वाटतायत." साडू म्हणाले, "टाकीतलं अर्धं पाणी काढा आणि पिंपातलं घाला. येतो मी." मी लगेच तसं केलं.

आणि आले की हो! सख्ख्या पुतण्याची हळद टाकून, लग्न टाकून, दुपारी हा माणूस दारात उभा, कपाळावर हळदीचं बोट तसंच. चपला काढल्या, टाकीकडे बघितलं. आरशासारख्या टाकीकडे. नळीत थेंब टाकले. पाणी हिरवंगार झालं.

"स्पंज?" त्यांनी विचारलं.

"धुतला."

"कशाने?"

"नळाच्या पाण्याने." मग मला राहवलं नाही. "आणि कढत पाण्याने."

ते स्टुलावर बसले. मी वाट बघत होतो. मला वाटलं, आता चौतीस वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडणार, आणि पडू दे, माझी तयारी होती. ते म्हणाले, "तुम्ही जेवलात का?"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पेल्या-पेल्याने पाणी काढत आणि पेल्या-पेल्याने घालत ते बसले. मी पिंपातून पेला भरून द्यायचा, त्यांनी अलगद ओतायचा. "थोरले, जरा दम धरा," एवढंच अधूनमधून. दुसऱ्या दिवशी दुपारी थोरले गेले. गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत साडूंनी बोटांनी खड्डा केला. अंगठ्याएवढा जीव, त्याला खड्डा तो केवढा लागणार!

पाचव्या दिवशी दोघी बहिणी परतल्या. मी काय बोलायचं ते मनात पाठ करून ठेवलं होतं. दार उघडताच तोंड उघडलं, तर त्याआधीच साडू म्हणाले, "थोरले गेले. माझीच चूक. निघायच्या गडबडीत मी स्पंज धुऊन गेलो." शैला म्हणाली, "ते मला साताऱ्यालाच कळलं. तुम्ही म्हणालात ना, टाकीत काहीतरी चुकवून आलोय." म्हणजे फोन ठेवल्या ठेवल्या, बसमध्ये चढायच्या आधीच, या माणसाने गुन्हा आपल्या नावावर करून टाकला होता! आणि वर शैला माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी होते म्हणून दुसरा तरी वाचला." ती अटीला पक्की निघाली. टाकी त्याच दिवशी घराबाहेर. कुठे? तर माझ्याकडे. भाऊजींच्या हातात आहे म्हणजे जगेल, म्हणून!

मी त्यांना गॅलरीत गाठून अक्षरशः भांडलो. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला हे? मी काय लहान मूल आहे? मी आत्ता जाऊन सांगतो तिला!" ते मोगऱ्याला पाणी घालत होते. म्हणाले, "साडूभाऊ, ती मला चौतीस वर्षं बोलतेय. मी मुरलोय त्यात. तुम्हाला ती एकदा जरी बोलली ना, तर तुम्हाला झोप लागायची नाही. तुम्हाला माझी शपथ आहे, तोंडातून एक शब्द काढायचा नाही." या माणसाने माझा इतका अपमान उभ्या आयुष्यात केला नव्हता. आणि ते म्हणत होते ते अगदी खरं होतं.

आता धाकटे कल्याणला आमच्या दिवाणखान्यात असतात. स्पंज काळाकुट्ट झालाय आणि मी त्याला बोट लावत नाही. दर रविवारी साडू येतात, "सहज आलो" म्हणतात, स्टूल ओढून टाकीसमोर बसतात, चिमट्याने घास भरवतात, "धाकटे, कसं काय, बरं आहे ना इथे?" असं हळूच विचारतात आणि उठताना एकदा झाकण बंद आहे का ते चाचपून बघतात. मग एकटेच जिना उतरून जातात. मी खिडकीतून बघत असतो आणि मला त्यांचा भयंकर राग येतो. इतका की डोळ्यांत पाणी येतं.

शपथ त्यांनी तोंडाची घातली आहे, लिहिण्याची नाही. म्हणून शैला, हे तुझ्यासाठी. स्पंज मी धुतला. तुझ्या नवऱ्याने लिहून दिलं होतं, दोनदा अधोरेखित करून, तरी धुतला. येत्या रविवारी मी टाकी घेऊन मानपाड्याला येतोय. मला काय बोलायचं ते बोल, पण त्यांचा बेडूक त्यांना घरात घेऊ दे.