न छापलेल्या शेवटाला टाळ्या

पुस्तक छापून आलं की माणसानं निदान आपली गोष्ट तरी उघडून बघावी. मी बघितली नाही. अनुक्रमणिकेत नाव शोधलं, मुखपृष्ठाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि प्रत शोकेसमध्ये मुलाच्या क्रिकेटच्या ढालीशेजारी उभी केली. गोष्ट तर मला पाठच होती.

पुस्तक म्हणजे इतिहास वेगळा घडला असता तर काय झालं असतं, या कल्पनेवर आम्ही बारा जणांनी लिहिलेल्या कथा. काढलं होतं औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत चालणाऱ्या एका प्रकाशनानं. माझ्या कथेत दिल्लीचा सुलतान दौलताबादेला आणलेली राजधानी परत नेतच नाही, आणि त्याच्यामागं पायपीट करत आलेल्या पखालवाल्याची बायको रोज दिल्लीच्या वाटेकडं बघत बसते. ती शेवटी जाते का राहते, एवढाच प्रश्न. त्या शेवटच्या पानावर मी सहा महिने घासले होते. ते पान कुणीतरी एकानं नीट वाचावं, इतकीच इच्छा होती. पुरस्कार मिळाला असता तर नाही म्हणालो नसतो, ते वेगळं.

पुस्तक निघून आठ दिवस होतात न होतात तोच प्रकाशकांनी 'वाचकांच्या उदंड प्रतिसादाचा सोहळा' जाहीर केला. प्रतिसाद उदंड कसा झाला ते मला ठाऊक होतं. प्रत्येक लेखकानं आपापले तीन अभिप्राय मंगळवारपर्यंत धाडावेत, असा निरोप मलाही आला होता. मी बिडकीनच्या मेव्हण्याला फोन लावला.

"दाजी, तुम्हीच लिहा न काहीतरी, खाली माझं नाव टाका," तो म्हणाला.

"वाचून लिही," मी म्हणालो.

दहा मिनिटांत मेसेज आला: 'लई भारी. शेवट वाचून डोळ्यांत पाणी आलं.' सोळा पानं, दहा मिनिटं. शंका यायला हवी होती. आली नाही. उलट माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही जमलो. बारा लेखक, त्यांची बिचारी घरची माणसं, आणि जिथं पोहे असतात तिथं असणारे एक काका. मागं फ्लेक्स. त्यावर आमचे हसरे फोटो आणि खाली मेव्हण्याचं डोळ्यांतलं पाणी, 'एक वाचक, बिडकीन' या सहीनं. प्रकाशक माइकवर म्हणाले, "मराठी वाचक संपला म्हणणाऱ्यांना ही चपराक आहे." ज्यांना चपराक बसायची त्यांतलं कुणी आलेलं नव्हतं. "सरांच्या कथेच्या शेवटानं तर महाराष्ट्र हेलावलाय. सर, तोच वाचून दाखवा."

महाराष्ट्र म्हणजे बिडकीन, आणि दुसरा अभिप्राय बहिणीचा होता म्हणून फुलंब्री.

मी उभा राहिलो, घसा साफ केला. "तिनं कडी काढली, आणि" इथवर वाचून पान उलटलं. पलीकडं दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याची कथा. माझं शेवटचं पान छापलंच नव्हतं.

सरळ माणूस असता तर तिथंच सांगून मोकळा झाला असता. मी समोर दिसलं ते वाचलं. "रेल्वे आली तेव्हा फलाटावर कुणीच नव्हतं." सुलतानाच्या राज्यात रेल्वे. आवाज जड करून आणखी चार ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटलं.

टाळ्या पडल्या. अध्यक्ष, एक निवृत्त प्राध्यापक, माझा हात धरून म्हणाले, "काळाची काय झेप घेतलीत." ज्याची ती रेल्वे होती तो लेखक पहिल्या रांगेत होता. स्वतःची गाडी अंगावरून गेली तरी गृहस्थ हात वर करून टाळ्या वाजवत होता.

पोह्यांच्या वेळी मी प्रकाशकांना बाजूला घेतलं. "अहो, माझं शेवटचं पानच नाहीये."

त्यांनी आधी लिंबू पिळलं. "दुसऱ्या आवृत्तीत बघू, सर. पण आता शेवट बदलू नका. लोकांना आवडलाय."

इतकी ढोंगी माणसं एका छताखाली मी पाहिली नव्हती. मनातल्या मनात एकेकाची लायकी काढत जिना उतरलो. खाली आल्यावर आठवलं, उरलेल्या अकरांसाठी मीही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्यांतल्या एकाचीही कथा उघडली नव्हती.

स्कूटरवर बायको मागं बसली होती. क्रांती चौकात सिग्नल लागला, तेव्हा म्हणाली, "ती रेल्वे तुमची नव्हती."

"तुला कसं कळलं?"

"मी वाचलंय न, शोकेस पुसताना, पहिल्याच दिवशी. 'आणि'वर येऊन थांबलात. मला वाटलं तुम्हालाच पुढचं सुचलं नाही. विचारलं तर वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. तिनं माझ्या खांद्यावर बोट टोचलं. "चला आता. आणि जाता जाता सांगा, कडी काढली, मग ती गेली का राहिली?"